चौतीसचा गळा

नीवेस: हात काढा, तपासनीस साहेब. गळा अजून तापलेला आहे.

झानिबोनी: ते मलाही कळतं, म्हणून हातमोजे घातलेत. गेज आत गेलं, नीवेस. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. गेज आत, गाडी बाहेर. हा नियम मी आज काढलेला नाही.

तित्सियानो: बाहेर म्हणजे कुठवर बाहेर? अहो, मी अजून घामसुद्धा पुसला नाहीये! अकरा वर्षं या घाटात गाडी दामटतोय, आज पहिल्यांदा पहिला आलो. खाली दुकानात आईनं काचेतले केक हलवून कपासाठी जागा करून ठेवलीय.

झानिबोनी: केक परत जागेवर ठेवायला सांगा.

तित्सियानो: वहिनी, काय झालंय ते मला कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का? मी पाववाला. गाडी चालवतो, ती आतून कशी श्वास घेते ते तू बघतेस.

नीवेस: श्वासाचंच झालंय, भाऊजी. हा ॲल्युमिनियमचा तुकडा दिसतोय ना, मधे भोक असलेला? टर्बो जेवढी हवा गिळतो ती सगळी या एका गळ्यातून जायला हवी. भोक चौतीस मिलिमीटर, त्याहून केसभरही मोठं नको. साहेबांच्या हातातलं ते स्टीलचं गेज बरोबर चौतीसचं आहे. ते भोकात शिरायला नको. शिरलं, तर आपण जास्त हवा प्यालो.

तित्सियानो: आणि ते शिरलं.

नीवेस: शिरलं. कारण गाडी चार मिनिटांपूर्वी घाट चढून आलीय आणि हा गळा टर्बोच्या शेजारी भाजून निघालाय. ऐंशी डिग्रीवर मोजताय, साहेब.

झानिबोनी: अठ्ठ्याहत्तर. मी पाहिलंय.

तित्सियानो: थांबा थांबा. तापलं की धातू फुगतो, एवढं मला भट्टीमुळे ठाऊक आहे. मग भोक लहान व्हायला हवं ना? कडा आत येतील.

नीवेस: तो पाव नव्हे, भाऊजी. आपले आजोबा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवायचे? तापवून. तापली की आख्खी धाव मोठी होते, आतलं भोकही. म्हणून ती लाकडावर बसते. थंड झाली की आवळते. हा गळा म्हणजे तीच धाव, फक्त मुठीत मावणारी.

झानिबोनी: तुझ्या बापानंही हेच सांगितलं होतं. धावेचाच दाखला दिला होता.

नीवेस: आणि तुम्ही ऐकलं नव्हतं.

झानिबोनी: नीवेस, माझं ऐक. निकाल अजून फळ्यावर लागलेला नाही. तित्सियानोनं आत्ता सही करून नाव मागे घेतलं तर कागदावर ‘माघार’ एवढंच येईल. गिअर अडकला म्हणा, क्लच म्हणा. ‘बाद’ हा शब्द येणार नाही. तुझ्या वर्कशॉपच्या नावाला डाग नको म्हणून सांगतोय.

तित्सियानो: हे वाईट नाही, वहिनी. माघार काय, सगळेच घेतात.

नीवेस: नाही.

तित्सियानो: विचार तर कर...

नीवेस: एकोणीस वर्षं करतेय. साहेब, हा गळा या टेबलावर राहील. थंड होईल. मग तुम्ही मोजाल आणि जो आकडा येईल तो लिहाल. आकडा, नुसता शब्द नव्हे.

झानिबोनी: किती तापमानाला मोजायचं हे नियमात लिहिलेलं नाही.

नीवेस: नाही ना? मग तापलेला मोजायचा असंही लिहिलेलं नाही. बाहेर इतर दोन गाड्या रांगेत आहेत, त्यांचे गळे अर्ध्या तासानं मोजाल. तोवर ते कोमट होतील. पहिला आला त्याला शिक्षा, तिसरा आला त्याला सूट! शर्यतीत मागे राहिलेल्याला तुमचा नियम पुढे काढतो.

झानिबोनी: जीभ आवर. मी या घाटावर तपासणी करतो ती काही मौजेसाठी नाही. गळा नव्हता तेव्हाच्या गाड्या तुला आठवणार नाहीत. टर्बोला मनसोक्त हवा, पायाखाली पाचशे घोडे आणि रस्ता हाच, मेंढरांचा. दोन उन्हाळ्यांत या वळणांवर तीन पोरं गेली. तिघांची नावं खाली चॅपेलच्या भिंतीवर आहेत. त्यातलं एक माझ्या भाच्याचं. गळा आला तेव्हा तुम्ही सगळे ओरडलात की टर्बोचं नरडं दाबलं म्हणून. दाबलंच. त्यामुळे तुझा दीर आज इथं उभा राहून केकची चिंता करतोय.

तित्सियानो: ...हे खरं आहे, वहिनी.

नीवेस: खरं आहे. मी नियमाशी भांडत नाहीये, साहेब. मी तुमच्याशी भांडतेय. नियम म्हणतो चौतीस. मी म्हणते, चौतीस मोजा. चौतीस आणि उन्हाळा नको.

झानिबोनी: आणि मी नाही म्हटलं तर?

नीवेस: तर मी इथून हलणार नाही. तुम्ही चीजच्या या गोदामाला कुलूप लावून जा. शेल्फवरच्या चीजच्या चाकांबरोबर मीही मुरत बसेन, चोवीस महिने.

तित्सियानो: ती बसेल, साहेब. लग्नात फोटोवाला उशिरा आला तर तिनं पाद्रीसाहेबांना दोन तास ताटकळत ठेवलं होतं.

झानिबोनी: या गोदामात पारा वर्षभर अठरा-वीसच्या मध्ये असतो.

नीवेस: म्हणून तर म्हणतेय, याहून चांगली जागा कुठे?

झानिबोनी: पाण्यात बुडवायचा नाही. ओलं फडकं नाही. कोणी हात लावायचा नाही. थर्मामीटर शेजारी राहील. वीसवर आला की मोजीन.

नीवेस: एवढंच हवंय.

झानिबोनी: एवढंच नाहीये ते. मला समजत नाही असं वाटतं का तुला? आज मी थंड होईपर्यंत थांबलो, तर लोक विचारतील की मग तुझ्या बापाच्या, एल्वेझिओच्या वेळी का थांबला नाहीस.

नीवेस: लोक नाही विचारणार. लोक विसरले. मी विचारणार आहे.

तित्सियानो: मला कोणी बसायला स्टूल देईल का? आणि बाहेरून दोन तिजेल्ले आणू, त्या गरम छोट्या रोट्या? हॅम घातलेल्या आहेत, वास इथवर येतोय. भुकेल्या पोटी मला नियम कळत नाहीत.

नीवेस: आणा. साहेबांसाठीही आणा.

झानिबोनी: मी कामावर असताना स्पर्धकाच्या हातचं खात नाही.

नीवेस: पूर्वी आमच्या घरचं खायचात. रविवारी. आई तुमच्यासाठी अक्रोडाची दारू वेगळी काढून ठेवायची.

झानिबोनी: पूर्वी तू मला काका म्हणायचीस. बाप्तिस्म्याच्या वेळी तुला मीच हातात धरलं होतं, आणि तू माझ्या नव्या सुटावर ओकली होतीस.

नीवेस: मला तेव्हापासूनच अंदाज असणार.

(तासाभरानं. थर्मामीटरवर एकवीस. तित्सियानोच्या मांडीवर कागद, कागदावर चुरा.)

झानिबोनी: अजून एक डिग्री.

नीवेस: तोवर विचारते. त्या दिवशी का थांबला नाहीत?

झानिबोनी: वादळ येत होतं. सगळ्यांना घाट उतरायची घाई. फळ्यावर निकाल लावा म्हणून मागे माणसं ओरडत होती. आणि... एल्वेझिओ माझा मित्र होता. मी त्याच्यासाठी थांबलो असतो तर सगळे म्हणाले असते, मित्राला वाचवतोय. मला ते नको होतं. म्हणून मी इतरांपेक्षा जास्त घाई केली.

नीवेस: आणि कागदावर लिहिलंत, ‘इंजिन नियमबाह्य’. दोन शब्द. किती बाह्य, काय बाह्य, काही नाही. मग गावानं रिकामी जागा भरली. कोणी म्हणे बाबांनी टर्बोला चोरवाट ठेवली होती, कोणी म्हणे सीटखाली गॅसची बाटली होती. कोणी म्हणे दुसरंच इंजिन होतं. वर्कशॉपमध्ये शर्यतीची गाडी परत आली नाही. माझा बाप, ज्याच्याकडे मोदेनाच्या मोटार कारखान्यांतून माणसं यायची, तो एकोणीस वर्षं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतोय.

झानिबोनी: त्यानं अपील करायला हवं होतं.

नीवेस: कोणाविरुद्ध? तुमच्याविरुद्ध? ते म्हणाले, ‘त्यानं मोजलंय तर बरोबरच मोजलं असेल.’ तेव्हा त्यांचा तुमच्यावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

तित्सियानो: वहिनी... वीस झाले.

झानिबोनी: हं. बघ, गेज मी पेटीतून काढतोय. पुसतोय. तू जवळ ये.

नीवेस: आलेय.

झानिबोनी: सरळ धरलंय. जोर देत नाही. आपल्या वजनानं जाईल तर जाईल.

तित्सियानो: काय झालं? कोणीतरी बोला. वहिनी? तुझा चेहरा का असा झालाय?

नीवेस: गेलं.

तित्सियानो: काय गेलं?

नीवेस: गेज आत गेलं.

झानिबोनी: अचूक मापाची डायल लावतो. थांब, घाई नको. यावेळी नको. ...चौतीस आणि मिलिमीटरचे दीड शतांश.

तित्सियानो: दीड शतांश म्हणजे किती?

झानिबोनी: तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे पाच उभे भाग केले तर त्यातला एक.

तित्सियानो: माझ्या डोक्यावर तेवढेही नाहीत! वहिनी, केसाच्या पाचव्या हिश्शाला कोण विचारतंय?

नीवेस: पुन्हा मोजा.

झानिबोनी: मोजतो. ...दीडच.

नीवेस: पण मी स्वतः मोजला होता. फेब्रुवारीत. शेवटचा हात फिरवला, माझं गेज लावलं, नाही शिरलं. तीनदा लावून पाहिलं. मी आंधळी आहे का? लेथ मी चौदाव्या वर्षापासून...

झानिबोनी: फेब्रुवारीत कुठे?

नीवेस: आमच्याच वर्कशॉपमध्ये, दुसरीकडे कुठे?

झानिबोनी: तिथं एक शेगडी असायची, लाकडाची, लेथच्या मागे. एल्वेझिओ मोजायच्या आधी ती तासभर पेटवायचा. आम्ही चेष्टा करायचो की हा गळ्याला शेकवतोय.

नीवेस: ...शेगडी वर होती.

झानिबोनी: वर?

नीवेस: बाळाच्या, लीवियाच्या खोलीत. पाच आठवड्यांची होती तेव्हा ती. घरात एकच धड शेगडी, मी ती वर नेली. खाली बादलीतल्या पाण्यावर साय धरत होती बर्फाची. गळा त्या थंडीत आकसलेला. आणि गेज...

तित्सियानो: गेजचं काय?

नीवेस: गेज माझ्या स्वेटरच्या खिशात. लेथ थांबवून मी तिला पाजायला बसले होते. ती पिता पिता झोपली. माझ्या छातीवर, त्या खिशावरच. तासभर हलले नाही मी. मग तिला वर ठेवून आले आणि खिशातून गेज काढून लगेच लावलं. गळा थंड, गेज उबदार. गेज फुगलेलं, गळा आकसलेला. कसं शिरणार? शहाणी म्हणून मी आणखी एक चिमूट धातू काढला, तरी नाही शिरलं.

तित्सियानो: म्हणजे आपल्याला आमच्या पुतणीनं बाद केलं?

नीवेस: तिला काही बोलायचं नाही. मोजलं मी.

झानिबोनी: नीवेस, ऐक. फळा अजून कोराच आहे. मघाशी म्हणालो ते अजून खुलं आहे. माघार लिहितो. दीड शतांशासाठी तुझ्या वर्कशॉपवर ‘बाद’ शब्द चिकटायला नको. एका घरावर दोनदा नको.

तित्सियानो: आता तरी हो म्हण, वहिनी. आता तर आपलीच चूक आहे ना!

नीवेस: आपली आहे म्हणूनच नाही. लिहा, साहेब. ‘बाद.’ त्यापुढे लिहा, गळा चौतीस पूर्णांक शून्य एक पाच, वीस डिग्रीला. लिहा की अठ्ठ्याहत्तरला हिशेबानं सहा शतांश जास्त येतो. कारण लिहा, मापताना बनवणारीची चूक. माझं पूर्ण नाव लिहा, नीवेस फेरिओली, वडिलांचं नाव एल्वेझिओ. आणि तो कागद फळ्यावर लावा, जिथं सगळे बिअर घेऊन उभे असतात तिथं.

झानिबोनी: स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेतेयस पायावर.

नीवेस: माझा पाय आहे. दीड शतांशाचा धोंडा दीड शतांशाचाच राहील. आकडा असला की गावाला त्यात बाटली घुसवता येत नाही. आणि माझा आकडा मी लपवला, तर पुढचा आकडा कोण खरा मानेल?

झानिबोनी: पुढचा कुठला?

नीवेस: भाऊजी, तुमच्या पायाजवळची ती पिशवी द्या. हळू.

तित्सियानो: यात काय आहे एवढं जड? मला वाटलं पोरीचं दूध.

नीवेस: दूधही आहे. त्याखाली बघा. फडक्यात गुंडाळलेलं.

झानिबोनी: ...हे तू कुठून आणलंस?

नीवेस: आमच्या घरचं आहे. बाबांचा गळा. त्या दिवशी तुम्ही तो परत केलात तेव्हा तार घालून सील लावून दिला होता, कोणी नंतर छेडू नये म्हणून. शिशावर तुमचा शिक्का आहे. नंबर वाचा.

झानिबोनी: एकशे सतरा. माझाच आहे. त्यानं सील तोडलं नाही?

नीवेस: मी एकदा विचारलं, बाबा, आपणच तोडून मोजूया ना. म्हणाले, ज्यानं लावलंय त्यानं तोडावं. आज सकाळी ड्रॉवरमधून काढून मी इथं, या गोदामात आणून ठेवला, शर्यत सुरू व्हायच्या आधी. आपण हरलो असतो तरीही मी तुम्हाला तो मोजायला लावणार होते.

तित्सियानो: म्हणजे मी जिंकतोय की नाही याचं तुला काही पडलंच नव्हतं?

नीवेस: पडलं होतं, भाऊजी. दोन्हीचं पडलं होतं. एकच मिळेल असं दिसतंय.

झानिबोनी: माझ्या त्या वर्षीच्या वहीत चौतीसच्या वर चार शतांश लिहिलेत. तापलेला असताना. घरी अनेकदा हिशेब मांडून पाहिलाय मी, वीसला किती येईल याचा. कागदावर मांडता येतो. पण तो आकडा कधी कोणाला सांगितला नाही.

नीवेस: कागद राहू द्या. पकड हवी का तारेला?

झानिबोनी: आहे माझ्याकडे. ...तुटलं.

तित्सियानो: मला श्वास घ्यायला परवानगी आहे का?

झानिबोनी: नाही. गेज सरळ धरलंय. जोर देत नाही. आपल्या वजनानं.

तित्सियानो: शिरलं?

झानिबोनी: थांबा.

तित्सियानो: वहिनी, शिरलं का ते?

नीवेस: काठावर उभं आहे.

झानिबोनी: फिरवून पाहतो. ...नाही जात. उलट बाजूनं. ...नाही जात. डायल. तेहतीस नव्व्याण्णव आणि अर्धा. किती बारीक हात होता या माणसाचा! चौतीसच्या दारात अर्ध्या शतांशावर येऊन थांबला आणि दार ढकललं नाही.

नीवेस: लिहा.

झानिबोनी: लिहितोय. तारीख त्या दिवसाचीही घालतो आणि आजचीही. ‘वीस डिग्रीला नियमात. मूळ मोजणी तापलेल्या अवस्थेत, तपासनिसाची चूक.’ नाव माझं. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावीन. वरिष्ठ मंडळाला काय वाटायचं ते वाटो.

नीवेस: भाऊजी, पहिल्या कागदावर गाडी चालवणाऱ्याची सही लागते. मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. कप तुमचा आहे.

तित्सियानो: पेन द्या. आमच्याकडे पाव दहा ग्रॅम कमी भरला तर आई गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते आणि एक वर टाकते. अकरा वर्षं थांबलो, बारावंही थांबेन. पण पुढच्या फेब्रुवारीत शेगडी मी आणून देणार, भट्टीएवढी. आणि मोजताना पोरगी माझ्याकडे.

नीवेस: चालेल.

तित्सियानो: आणि आईला तूच सांगायचं. केक मी नाही हलवणार.

झानिबोनी: नीवेस, एल्वेझिओ कुठे आहे? खाली गावात?

नीवेस: बाहेर, अक्रोडाच्या झाडाखाली गाडीत बसलेत लीवियाला घेऊन. शर्यत त्यांनी काचेतून पाहिली. या दारातून आत येणार नाही म्हणाले, आणि मीही आग्रह केला नाही.

झानिबोनी: त्याला माहितेय तू हा गळा आणलास ते?

नीवेस: ड्रॉवर रिकामा दिसला असेल त्यांना. बोलले नाहीत काही. पिशवी मात्र त्यांनीच गाडीत ठेवली.

झानिबोनी: मी जातो. तू येऊ नकोस. हे मला एकट्यानं करू दे. गळा घेतो, गेजही घेतो.

तित्सियानो: गेज कशाला, साहेब? तोंडी सांगा की.

झानिबोनी: माझ्या शब्दावर त्यानं एकदा विश्वास ठेवला. आता स्वतःच्या हातानं लावून बघू दे.

नीवेस: गेज खिशात घालताय?

झानिबोनी: हो, का? दोन हातांत दोन कागद आहेत.

नीवेस: पेटीतून न्या, काका. खिशात ऊब लागते.